अर्ध्या तासाचा इपॉक्सी

फायबरग्लासच्या मॉडेल विमानात इंजिनामागची प्लायवूडची भिंत बसवण्यासाठी मला अर्ध्या तासाचा इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचा आणि अर्ध्या तासात आवळणारा गोंद, हवा होता, म्हणून मी मे महिन्याच्या भर दुपारी इतवारीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. या दिवसांत नागपुरात अशा दुकानात कुलरखेरीज अन्य कारणाने शिरणे हा सामाजिक अपराधच आहे. दुकानदाराने न विचारताच पाच मिनिटांची जोडी पुढे केली. मी अर्ध्या तासाची मागताच गळक्या कुलरचा उपाय शोधत उभे असलेले एक काका माझ्याकडे वळले.

"पाच मिनिटांत होऊन राहिलं तं अर्धा तास कायले पाह्यजे जी?"

"विमानासाठी," असे मी म्हणताच सारे दुकान माझ्याकडे पाहू लागले. एकाने मी मिहानमध्ये नोकरीला आहे का, असे विचारले. तिथे विमानदुरुस्तीचा कारखाना आहे हे खरे. पण ती विमाने इतवारीतल्या गोंदावर उडत असावीत, ही त्या गृहस्थाची श्रद्धा मला प्रवासी म्हणून अस्वस्थ करून गेली. मॉडेल विमान आहे असे सांगितल्यावर काका हसले. "म्हंजे पोट्ट्याचं खेळणं! पोट्टा केवढा हाय?" पोट्टा मीच आहे, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

"फेवीक्विक लावा. माह्या चपलेचा तळ दोन उन्हाळे टिकला."

इंजिनाच्या सततच्या थरथरीत फायबरग्लासचे पातळ कवच लवत राहते आणि फेवीक्विकसारखा ठिसूळ सांधा तिथे तडकतो. म्हणून आतला चकचकीत पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून, स्पिरिटने पुसून, इपॉक्सीत कापसाचे बारीक तंतू कालवून कोपऱ्यात भरावे लागतात, हे मी सविस्तर सांगितले. चपलेला अशी थरथर सोसावी लागत नाही, असेही जोडले.

"तुमी माह्यी चाल नाही पाह्यली," काका म्हणाले.

मी तिथेच थांबायला हवे होते. पण डब्यावरचा अर्धा तास साधारण २५ अंशांसाठी असतो आणि दर दहा अंशांना तो ढोबळमानाने निम्मा होतो, त्यामुळे आपल्या ४५ अंशांत हाती जेमतेम सात-आठ मिनिटे उरतात, हेही मी सांगून बसलो.

"म्हंजे तुमचा अर्धा तास बी सात मिनिटांचाच हाय न? मंग पाचवालाच घ्या न बापा!"

दुकानाने या तर्काला मनापासून दाद दिली. पाचवाला याच हिशेबाने सव्वा मिनिटात आवळतो, पुढे उन्हात उभ्या विमानात तो लवकर मऊही पडतो, हे ऐकायला कोणी शिल्लक नव्हते. ज्या गावात रस्त्याकडेला लावलेल्या गाडीच्या सीटवर बसवत नाही, त्या गावातल्या बाजारात सगळे गोंद घाईचेच का मिळावेत आणि सावकाश वाळणारी वस्तू मागणाऱ्याला प्रत्येक वेळी उलटतपासणी का द्यावी लागावी, हे मला खरोखर कळत नाही.

तेवढ्यात दुकानदाराला वरच्या फळीवर अर्ध्या तासाची एकुलती जोडी सापडली. काकांनी ती मधल्यामध्ये उचलली. "पाणी धरते का हे?" प्रामाणिकपणा नडतो तो असा. पाचवाल्यापेक्षा हा पाण्यात चांगला टिकतो, असे मी म्हणालो आणि काकांनी पैसे काढले. "शिकेल माणूस सांगून राह्यला," असे त्यांनी दुकानदाराला बजावले.

पायरी उतरता उतरता त्यांनी विचारले, "लावल्यावर अर्ध्या तासात कुलर चालू कराचा न?"

अर्धा तास फक्त लावण्यापुरता असतो, पूर्ण ताकद यायला रात्रभर थांबावे लागते, असे मी सांगितले.

"रातभर? मे महिन्यात? कुलर बंद ठिवून?" काका माझ्याकडे अशा नजरेने पाहत राहिले, जणू हा उन्हाळा मीच आणला आहे. जोडी मात्र त्यांनी परत केली नाही. उलट आत येऊन वर एक एम-सील घेतले. ते गेल्यावर दुकानदार मला म्हणाला, "साहेब, असं अर्धवट नाही सांगाचं गिऱ्हाइकाले."