“तिथं कोण गेलं होतं?”

आठवडाभर आमच्या शहापूरच्या गल्लीपासून खानापूरच्या पाहुण्यांपर्यंत सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: “प्लूटोवर मिथेनचा बर्फ आहे म्हणतात. तिथं कोण गेलं होतं? गॅसचा कधी बर्फ होतो का? लॅबच्या फ्रीजमध्ये बर्फ करायचा आणि अंतराळाचं नाव द्यायचं! आणि खरंच असेल, तर हायड्रोकार्बन (मिथेनसारखे कार्बन-हायड्रोजनचे पदार्थ) मेलेल्या जीवांपासूनच होतात. म्हणजे तिथले जीव आपल्यापासून लपवलेत.” खाली ‘दहा जणांना पाठवा’ आहेच. मला तो आमच्या काकांकडून आला, म्हणून हा खटाटोप.

गॅसचा बर्फ होतो, काका. मिथेन उणे 182 अंश सेल्सिअसला गोठतो आणि प्लूटोचा पृष्ठभाग उणे 230 च्या आसपास आहे. जांबोटीच्या डिसेंबरवरून तिथला अंदाज बांधू नये.

कोण गेलं होतं? माणूस नाही, पण नासाचं न्यू होरायझन्स यान 14 जुलै 2015 रोजी प्लूटोजवळून गेलं आणि त्यातल्या इन्फ्रारेड (तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) उपकरणानं मिथेनचा बर्फ कुठं कुठं आहे याचे नकाशे केले. खरी गंमत अशी, की हा बर्फ 1976 मध्येच ओळखला गेला होता, अमेरिकेतल्या किट पीक इथल्या दुर्बिणीतून. यान पोचलं 39 वर्षांनी.

दुर्बिणीतून ओळखला कसा, हे सांगायला मिरजेचा तंबोरा बरा पडेल. तारेचा ताण आणि वजन ठरलं की सूर ठरतो. कार्बन आणि हायड्रोजनमधला बंधही तसाच, सेकंदाला सुमारे 90 लाख कोटी वेळा थरथरणारा. त्यामुळं मिथेन 3.3 मायक्रॉन तरंगलांबीपाशी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इन्फ्रारेड प्रकाश गिळतो. हायड्रोजनच्या जागी त्याचाच जड भाऊ ड्युटेरियम बसवा, तार जड झाली. सूर थेट 4.4 मायक्रॉनच्या आसपास उतरतो. साध्या मिथेनच्या कंपनांचे उपस्वर 1.7 आणि 2.3 मायक्रॉनपाशी सापडतात, आणि प्लूटोवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशात नेमका तिथंच उजेड कमी पडतो.

आता ‘लॅबचा फ्रीज’. बेळगावातल्या एका कॉलेजात मी दोन वर्षं आयआर मशीनवर, म्हणजे नमुना कुठला इन्फ्रारेड किती गिळतो याचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर, काढलीत. पोटॅशियम ब्रोमाइडची पूड नमुन्यासोबत खलात घोटायची आणि दाबाखाली तिची काचेसारखी चकती करायची. बेळगावचा जुलै! चकती हातात येईपर्यंत दुधाळ व्हायची आणि आलेखावर 3400 च्या आकड्याजवळ (हा मायक्रॉनचा नाही, एका सेंटिमीटरात किती लाटा याचा; अल्कोहोल आणि पाणी दोन्ही तिथंच दिसतात) हे एवढं पोट सुटलेलं दिसायचं. नमुन्यात अल्कोहोल सापडलं म्हणून मी नाचत सरांकडं गेलो. ते म्हणाले, “खिडकीबाहेर बघ.” धो धो पाऊस. माझं अल्कोहोल म्हणजे हवेतली वाफ होती.

प्लूटोच्या आलेखाशी ताडून बघायला जिथं बर्फ करतात, त्या प्रयोगशाळांत हीच वाफ पहिली शत्रू. म्हणून आधी चेंबरमधली हवा जवळजवळ सगळी उपसतात. आतली छोटी खिडकी हेलियमवर चालणाऱ्या शीतयंत्रानं उणे 263 अंशांपर्यंत नेतात आणि बारीक झडपेतून मिथेन सोडतात. तो खिडकीवर केसाहून पातळ थरानं गोठतो. थर वाढताना त्यावरून परतणारा लेझर कमीजास्त होतो, त्यावरून जाडी काढतात. मग इन्फ्रारेड आरपार. मग हळूहळू ऊब देत पुन्हा पुन्हा मोजणी, कारण उणे 253 च्या आसपास मिथेनच्या स्फटिकाची मांडणीच बदलते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतही असल्या बर्फांवर काम चालतं.

हे ठरवून जुळवलेलं असतं तर पहिल्या झटक्यात जुळलं असतं की नाही? पण शुद्ध मिथेनच्या आलेखाशी प्लूटोचा आलेख तंतोतंत बसेना. काही पट्टे, म्हणजे प्रकाश गिळल्याच्या खुणा, जरासे लहान तरंगलांबीकडं सरकलेले. प्रयोगशाळेत नायट्रोजनच्या बर्फात मिथेन मुरवला, तेव्हा पट्टे तसेच सरकले. म्हणजे प्लूटोवरच्या मिथेनचा काही भाग नायट्रोजनच्या बर्फात मिसळलेला आहे.

मेसेजवाल्यांना हवी ती कमजोरी मीच देतो: 3.4 मायक्रॉनच्या आसपास इथेन, प्रोपेन, ब्युटेन हे मिथेनचे भाऊबंद सगळेच एका सुरात ओरडतात. त्यांचा मिश्र बर्फ असेल तर नुसत्या त्या पट्ट्यावरून कोण कोणता, हे सांगता येत नाही. तिथं कुणी छातीठोक नाव घेतलं, तर जरूर अडवा.

राहिले लपवलेले जीव. हायड्रोकार्बन व्हायला जीव लागतोच असं नाही. 1996 मध्ये ह्याकुताके धूमकेतूच्या वायूंत मिथेनबरोबर इथेन सापडला. जिथं तारे अजून जन्मतायत त्या ढगांतल्या धुळीवरही मिथेनचा बर्फ आहे. वरच्याच चेंबरमध्ये मिथेनच्या थरावर इलेक्ट्रॉनांचा मारा करा. काही वेळात आलेखावर इथेन, ॲसिटिलीनचे पट्टे उगवतात. आत जीव सोडा, हवासुद्धा नसते.

काकांना एवढं सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं: “होय की. पण चकती पावसाळ्यात का करायची म्हणतो मी?”