‘पाच मिनिटांच्या कामाचे पूर्ण पैसे’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

गॅस गिझर पेटून लगेच विझत होता, आमचा मुलगा उशिरा आला, एक पिन घासून पाच मिनिटांत निघाला, पूर्ण पैसे घेतले आणि आठवड्याच्या आत गिझर पुन्हा तसाच, असं तुम्ही लिहिलंत आणि एक स्टार दिलात. उशीर झाला हे खरं. आधीचं काम लांबलं आणि तुम्हाला फोन करायचा राहिला. त्याबद्दल मनापासून माफ करा.

पण ‘पाच मिनिटं’ हे मात्र लागलं. तुम्ही ऑफिसात होतात, घरी फक्त आई होत्या. मग मिनिटं मोजली कोणी?

मुलगा बाथरूममध्ये गेला तेव्हा गिझरचं कव्हर आधीच उघडलेलं होतं आणि स्क्रू साबणदाणीत पडले होते. व्हिडिओ बघून तुम्ही आदल्या रात्री प्रयत्न केला होता, हे आईंनीच सांगितलं. त्यात सेन्सरची पिन बर्नरपासून बाजूला वाकली होती. सेलही एक नवा, एक जुना. या गिझरला दोन्ही सेल मिळून तीन व्होल्ट लागतात. एक सेल उतरलेला असला तर ठिणगी पडते, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरायला जोर पुरत नाही आणि लक्षण नेमकं तेच दिसतं, पेटला आणि विझला. म्हणून त्याने आधी सेलची नवी जोडी घालून बघितली. तरी विझला.

मग पाण्याची बाजू. नळ सोडल्यावर पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, तो मायक्रोस्विच दाबतो, तेव्हा टिकटिक सुरू होते. जुन्या गिझरमध्ये हे रबर कडक होतं किंवा पाणी आत येतं तिथली जाळी क्षाराने भरते. तुमच्याकडे टिकटिक नीट येत होती, म्हणजे ती बाजू ठीक. ज्योत उठत होती, म्हणजे गॅसही येत होता. राहिला सेन्सर. ज्योतीतून अगदी बारीकसा करंट त्या पिनेत जातो, त्यावरून कंट्रोल बॉक्सला समजतं की आग लागलेली आहे. तुमच्या पिनेवर पांढरट थर आणि वर काजळी बसली होती. आग समोर असून बॉक्सला दिसत नव्हती, म्हणून तो गॅस तोडत होता. तोडायलाच हवा. न जळलेला एलपीजी हवेपेक्षा जड, तो बाथरूमच्या फरशीवरच साचून राहतो.

पॉलिश पेपरने पिन घासणं हे खरंच छोटं काम, त्यावर वाद नाही. ती वाकलेली पिन सरळ करून ज्योतीत बरोबर आणायलाच जास्त वेळ गेला, कारण तिच्या बुडाशी चिनी मातीचा तुकडा असतो, जोर लावला की तडकतो.

आता पुन्हा का बिघडला? ज्योत पिवळी होती, निळी नव्हती. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि घासलेली पिन परत काळी होते. व्हेंटिलेटरला आतून पुठ्ठा लावलेला होता, थंडी येते म्हणून. मुलाने तो तिथल्या तिथे काढून आईंच्या हातात दिला आणि परत लावू नका म्हणून सांगितलं. बर्नर आणि वरचा तांब्याचा चेंबर खोलून साफ करायला लागेल, हेही त्याने तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘आत्ता चालू करून दे, बाकीचं नंतर बघू.’ त्याने बिलावर तसं लिहिलं, ‘सर्व्हिसिंग बाकी, पुन्हा विझू शकतो.’ रिव्ह्यूला तुम्ही बिलाचा फोटो लावलाय, त्यात नेमकी खालची ओळ कापली गेलीय. चुकून झालं असेल.

आमचं दुकान लहान आहे, साहेब. नवीन गिऱ्हाईक फोन लावायच्या आधी हे स्टारच बघतं. मुलगा कामाला प्रामाणिक आहे, तुमचा रिव्ह्यू त्यानेही वाचलाय. उशीर होणार असेल तर आधी कळवायचं, अशी काहीतरी व्यवस्था यापुढे करतोच आहोत.

तुम्हाला सोयीचा दिवस सांगा, मी स्वतः येऊन चेंबर खोलतो. व्हिजिट चार्ज घेणार नाही, सर्व्हिसिंगचे मात्र घ्यावे लागतील. तोपर्यंत गिझर वापरू नका, हे रागाने नाही, काळजीने सांगतोय. पिवळ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर वास येतो, याला वासच नाही आणि बाथरूमचं दार तर आतून बंद असतं. आईंनाही सांगून ठेवा. पुठ्ठा परत लावला असेल तर आजच काढा, आणि कव्हर या वेळी तेवढं उघडू नका.