‘सगळ्यात जास्त व्यसन लावणाऱ्या गेमला अमेरिकेत अवॉर्ड’: त्या फॉरवर्डला उत्तर

साताऱ्यात ताईच्या पोराच्या शाळेचा पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर एक फॉरवर्ड आला आणि आता तो आमच्या सांगलीतल्या घरच्या ग्रुपवर पण फिरायला लागलाय. सोबत क्लिप आहे, मोठं स्टेज, लायटिंग, मागच्या पडद्यावर बंदुका आणि स्फोट. खाली सहा मुद्दे. अमेरिकेत दरवर्षी टीव्हीवर सोहळा करून मुलांना सगळ्यात जास्त व्यसन लावणाऱ्या गेमला अवॉर्ड देतात, अवॉर्ड मिळणारे सगळे गेम मारामारीचे असतात, गेम खेळणं हा मानसिक आजार आहे असं डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटनेनं) जाहीर केलंय, यातूनच पोरं रमी-सट्ट्याकडं वळतात, यात करिअर कुणाचंच होत नाही, आणि आपली विटीदांडू-कबड्डी मेली. दाजींनी हे वाचलं आणि भाच्याचा प्लेस्टेशन उचलून कपाटात कुलपात टाकला. पोरगं नववीत आहे, अभ्यास नीट आहे, जेवायला हाक मारली की उठतं. त्याला आजी विचारते, तुला डॉक्टरकडं न्यायचं का रे? हे ऐकल्यावर मला गप्प बसवेना.

पहिला मुद्दा घेतो. क्लिपमधला सोहळा म्हणजे द गेम अवॉर्ड्स. जेफ कीली नावाचा माणूस २०१४ पासून भरवतोय, डिसेंबरात लॉस एंजेलिसला होतो, आणि लोक तो टीव्हीपेक्षा यूट्यूब आणि ट्विच (गेमचे थेट व्हिडिओ दाखवणारी साइट) यांवरच बघतात. टीव्हीवरचा सोहळा त्याच्या आधीचा, स्पाइक टीव्ही नावाच्या चॅनेलचा, २००३ ला सुरू झालेला, आणि तो खरंच धांगडधिंगा होता, ते मी नाकारत नाही. पण आत्ताच्या सोहळ्यात विजेता ठरतो मतदानानं. ९० टक्के वजन गेमवर लिहिणाऱ्या शंभरच्या वर माध्यमांच्या ज्युरीला आणि १० टक्के लोकांच्या मताला. कोण किती तास खेळतं, किती पोरं चिकटली, हे मोजून गेम ऑफ द इयर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं अवॉर्ड, कुणी देत नाही.

आणि मिळालंय कुणाला ते तरी बघा की. २०२१ ला इट टेक्स टू. नवरा-बायकोचा घटस्फोट होणार असतो, त्यांच्या बाहुल्या होतात आणि दोघांनी एकमेकांना मदत केल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. तो एकट्याला खेळताच येत नाही, सोबत दुसरं माणूस लागतंच. २०२४ ला अ‍ॅस्ट्रो बॉट, एक छोटा रोबो हरवलेल्या दोस्तांना शोधत फिरतो, लहान पोरांसोबत घरातल्यांनी खेळावा असा. २०२५ ला क्लेअर ऑब्स्क्युर, फ्रान्समधल्या एका नव्या स्टुडिओचा पहिलाच गेम, त्याला एका रात्रीत ९ अवॉर्ड मिळाले, आणि त्याच्या मुळाशी काय आहे तर आपलं माणूस गेल्यावरचं दुःख. हे तिन्ही गेम एकदा विकत घ्यायचे, गोष्ट संपली की गेम संपला. व्यसन लावायला बनवलेली वस्तू अशी संपत नाही. आता, २०१६ ला हेच अवॉर्ड मिळालेला ओव्हरवॉच तसा नव्हता, त्यात पैसे देऊन आत काय निघेल माहीत नसलेल्या नशिबाच्या पेट्या उघडायची सोय होती, आणि वर्षानुवर्षं चालत राहणाऱ्या गेमसाठी वेगळं अवॉर्ड पण आहे, फोर्टनाइटला ते मिळालंय. एवढं मान्य. पण त्यावरून सगळ्या सोहळ्याला व्यसनाचं बक्षीस म्हणणं हे धडधडीत खोटं आहे.

आता डब्ल्यूएचओ. या मुद्द्यानं सगळ्यात जास्त नुकसान केलंय कारण नाव मोठं आहे, मूळ कागद कुणी उघडत नाही. डब्ल्यूएचओची आजारांची यादी असते, आयसीडी, तिची अकरावी आवृत्ती २०१९ च्या मे महिन्यात मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात ६सी५१ या नंबरखाली गेमिंग डिसऑर्डर आहे, हे खरं. पण त्याच्यापुढं काय लिहिलंय? खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकीच्या आवडीनिवडी आणि रोजची कामं मागं पडून गेमच पुढं येतो, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. तिन्ही गोष्टी पाहिजेत, त्यापायी घर, शाळा, मित्र, काम यांचं चांगलंच नुकसान झालेलं पाहिजे, आणि साधारण १२ महिने हे चाललेलं पाहिजे. मगच निदान. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हे होतं असं डब्ल्यूएचओ स्वतःच सांगते. म्हणजे ज्या संस्थेचं नाव घेऊन तुम्ही सरसकट सगळ्या पोरांना आजारी ठरवताय तीच संस्था म्हणते की तसं नाही. आणि याचा त्रास कुणाला होतो माहितीये? ज्या पोराला खरंच हे झालंय त्याला. रात्रभर जागतंय, शाळा सुटली, मित्र तुटले, मोबाइल काढून घेतला तर अंगावर येतंय, त्या पोराच्या आईनं मानसोपचारतज्ज्ञाकडं जायला पाहिजे, पण ग्रुपवर सगळ्यांचीच पोरं "आजारी" म्हटल्यावर तिला वाटतं घरोघरी असंच आहे, आणि ती गप्प बसते. मदत ज्याला पाहिजे तो राहतो बाजूला, आणि तासभर फुटबॉलचा गेम खेळणाऱ्या माझ्या भाच्याला आजी डॉक्टर विचारते.

मारामारीच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे आणि त्याला तो सोहळाच जबाबदार आहे, याचा मला मनापासून राग आहे. तीन-साडेतीन तासांचा कार्यक्रम, त्यात मोठा वेळ जातो नव्या गेमच्या ट्रेलरमध्ये, ती जागा विकली जाते, आणि ट्रेलर म्हटलं की तलवारी, गोळ्या, राक्षस, स्फोट. अवॉर्डं मधेच चार-पाच एका दमात वाचून टाकतात. २०२३ ला विजेत्या बाल्डर्स गेट ३ या गेमचा दिग्दर्शक स्टेजवर आपल्या वारलेल्या सहकाऱ्याबद्दल बोलत होता आणि समोरच्या स्क्रीनवर त्याला आवरतं घ्यायची सूचना झळकत होती. त्यावरून बोंब झाली, पुढच्या वर्षी विजेत्यांना जास्त वेळ मिळाला. अवॉर्ड मिळालेल्यांत हिंसक गेम आहेतच, २०२० चा द लास्ट ऑफ अस पार्ट टू मोठ्या माणसांनीच खेळायचा आहे, तसं कव्हरवर छापलेलं असतं, ते वाचून मगच पोराच्या हातात द्यायचं हे काम आईबापाचं. पण नुसती ट्रेलरची क्लिप बघून सगळ्या गेमिंगबद्दल बोलणं म्हणजे वरातीतला डीजे ऐकून नवरा-नवरीचा संसार कसा होणार ते सांगणं.

त्याच लास्ट ऑफ असमध्ये साठच्या वर सोयी होत्या, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, हाताला त्रास असणाऱ्यांसाठी, न दिसणाऱ्यांसाठी, आणि दृष्टी नसलेल्या लोकांनी तो शेवटपर्यंत खेळला. त्याच वर्षी अशा सोयींसाठी वेगळं अवॉर्ड सुरू झालं आणि पहिलं त्यालाच मिळालं. २०२३ ला फोर्झा मोटरस्पोर्टला मिळालं, त्यात न दिसणारा माणूस नुसत्या आवाजावर गाडीची रेस खेळतो. त्याच वर्षी वेनबा नावाच्या गेमला दोन नामांकनं होती. कॅनडात जाऊन राहिलेली तमिळ आई, फाटलेली जुनी पाककृतींची वही, आणि खेळायचं काय तर इडली करायची. पदार्थाची पायरी चुकली की परत. कुठं आहे यात बंदूक? फॉरवर्ड करणाऱ्यांनी यातलं एक तरी नाव ऐकलं असतं तर "सगळे" हा शब्द टाइप करताना हात थांबला असता.

रमीचा मुद्दा. इथं माझा आवाज चढतो कारण आपल्या भागात या अ‍ॅपांनी किती घरं धुतलीत ते सगळ्यांना माहितीये, कर्ज काढून खेळलेत लोक, आणि ती शाळेतली पोरं नव्हती, कमावती माणसं होती. पैसे लावून खेळायचं अ‍ॅप आणि गोष्टीचा गेम या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि हे आपल्या सरकारनं कायद्यातच लिहून ठेवलंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्यात पैशाच्या गेमवर बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता आहे. म्हणजे ज्याची भीती दाखवताय त्यावर बंदी, आणि राग काढताय दुसऱ्यावरच. पोराचा प्लेस्टेशन कुलपात घालण्याआधी घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये काय काय आहे ते बघा, मी हे दाजींना तोंडावर बोललोय.

करिअर कुणाचंच होत नाही म्हणे. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स म्हणून स्टुडिओ आहे, त्यांचा राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक हा गेम २०२० ला आला, हरवलेल्या भावाला शोधणारी पोरगी, दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतायत, आणि फॉरवर्डमध्ये ज्याला शिव्या घातल्यात त्याच सोहळ्यात तो पदार्पणाच्या गेमच्या नामांकनात होता. साताऱ्याहून पुणं किती लांब आहे? हे काम सोपं नाही, गेल्या काही वर्षांत जगभर या धंद्यात हजारोंच्या नोकऱ्या गेल्यात, ते पण पोरांना सांगायला पाहिजे. पण "कुणाचंच नाही" हे खोटं.

कबड्डीचं काय बोलायचं, भाचा संध्याकाळी शाहू स्टेडियमवर असतो, गुडघे फोडून घेऊन घरी येतो, ताईला विचारा.

ताई, हे जसंच्या तसं ग्रुपवर टाक. नाव माझं घातलंस तरी चालेल, आणि कुणाला काही बोलायचं असेल तर माझा नंबर दे.