म्हणे हलक्या कामाचा कोयता!

जाड पात्याचा, मुठीत घट्ट बसलेला, पाचशेच्या आतला साधा कोयता. एवढंच मागितलं होतं हो! काल बोगनवेलीवर दोन घाव घातले नाहीत तोच पातं मुठीतून सुटलं आणि कुंपणावरून शेजारच्या काकूंच्या तुळशीपाशी जाऊन पडलं. माझ्या हातात नुसती मूठ. आत डोकावलो, तर पात्याचं शेपूट जेमतेम दोन बोटं, भोवती कसलातरी राळेसारखा चिकटा ओतलेला. आणि हीच वस्तू मला इथे इंदूरच्या सियागंज बाजारात "जर्मन स्टील है, अंकल" म्हणून गळ्यात मारली होती.

गेलो ना तुकडे घेऊन. गल्ल्यावरच्याने मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "मोटी डाल पे चलाया क्या?" नाही रे बाबा, श्रीखंडावर चालवला! "अंकल, ये हल्के काम के लिए आता है." हलकं काम म्हणजे कोणतं? कोथिंबीर? त्याला घरात विळी आहे, आजेसासूबाईंच्या वेळची, तिचं पातं अजून तसूभर हललेलं नाही. पैसे परत मागितले, तर म्हणे "बिल है?" बिल मागितलं तेव्हा "जीएसटी अलग लगेगा" म्हणणारा हाच. आणि अंकल कोणाला म्हणतो? केस रंगवलेत म्हणून काय झालं, माझ्याहून दोन वर्षांनी मोठाच असेल.

वर मलाच नवीन माल दाखवतो. काळं पातं, पाठीला करवतीचे दात, मुठीला दोरी, मुठीच्या बुडाला होकायंत्र. होकायंत्र! सुदामा नगरातल्या अंगणात मी जांभळापासून नळापर्यंत जाताना हरवणार आहे का? बाराशे रुपये. आणि फुकटचा सल्ला, "नौ इंच से बड़ा मत लेना, पुलिस पकड़ेगी." शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांची अट आहे, खरं आहे, पण शेतीच्या नि घरकामाच्या पात्यांना तिथे साफ वगळलंय. हे मला कसं माहीत? एक बोगनवेल छाटायची म्हणून रात्री अकरा वाजता चष्मा लावून नियम वाचत बसलो होतो. बीपीची गोळी राहिली ती राहिलीच. पुण्याच्या मेहुण्यांनी लगेच ग्रुपवर टाकलं, "भाऊजी कोयता गँगमध्ये भरती?" हसा, हसा.

ऑनलाइनचं तर नावच काढू नका. फोटोत जंगल तोडणारा पैलवान, खोक्यातून निघतं पाव कापायचं पातं, १४९९ खोडून ३९९. गेल्या वर्षीच्या छाटणीच्या कात्रीची स्प्रिंग उडाली ती अजून सापडलेली नाही, आणि रबराच्या मुठी मे महिन्यात हाताला चिकटतात, तो राग वेगळाच.

ट्रकच्या जुन्या कमानीपट्ट्याचा ठोकलेला, नीट पाणी दिलेला, पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि आरपार रिबिटा मारलेल्या. गंजेल, गंजू दे, तेलाचा बोळा फिरवीन. धार गेली तर घरी कानस आहे. असा एक तुकडा या अख्ख्या इंदुरात दुकानात टांगलेला दिसू नये?

शेवटी लोहारपट्टीत एक म्हातारबुवा भेटले. पट्टा हातात घेऊन टिचकी मारून ऐकला, मान डोलावली, भावही बरा सांगितला. म्हणाले, "बना दूँगा. ग्यारस के बाद आना."

ग्यारस म्हणजे एकादशी, पण कोणती ते नाही सांगितलं. वर्षाला चोवीस असतात.