ग्राइमवर लिहायला बसताय? आधी हूडीचा फोटो शोधा

तर संपादकांनी तुम्हाला सांगितलंय, की पूर्व लंडनच्या त्या ग्राइम संगीतावर शुक्रवारपर्यंत हजार शब्द द्या. अभिनंदन. आणि घाबरू नका, गाणी ऐकायची वेळ येणार नाही. पूर्व लंडनच्याच फॉरेस्ट गेटला वीसेक वर्षं काढलेला, कानाने थोडा कामातून गेलेला एक मराठी माणूस तुम्हाला सगळं फुकट सांगतो. फुकट सांगायची सवयच आहे मला. गेल्याच महिन्यात एका साप्ताहिकाच्या पत्रकाराला फोनवर चाळीस मिनिटं फुकट सांगितलं. त्याचं काय झालं, ते पुढे येईलच.

सुरुवात कॅनरी व्हार्फपासून करा. 'बँकांच्या चकचकीत टॉवरांच्या सावलीत, बो भागातल्या कौन्सिलच्या कळकट इमारतींमध्ये...' हे वाक्य वीस वर्षं चालतंय आणि अजून झिजलेलं नाही. एकच सांभाळा. त्यातल्या सगळ्यात उंच टॉवरमध्ये तेव्हा डेली टेलिग्राफ आणि मिररचीही ऑफिसं होती, हे चुकूनही लिहू नका. तिथून बो चर्च स्टेशन डीएलआर या लोकल रेल्वेने दहा मिनिटांवर. खिडकीतून जरा वाकून पाहिलं असतं, तर गच्च्यांवरच्या पायरेट, म्हणजे विनापरवाना, रेडिओच्या काठ्या दिसल्या असत्या. पण आपण या पोरांना 'शोधून काढलं' असं लिहायचं असतं. शेजारच्या गल्लीतला माणूस शोधून काढला म्हटलं, तर लोक हसतील.

फोटोत हूडी, रात्र आणि मागे जिना. चेहरा दिसत नसेल तर फारच छान. (फोटो भलत्याच अमेरिकन रॅपरचा निघाला, तर पुढच्या अंकात कोपऱ्यात दिलगिरी छापता येते.)

ग्राइमला 'ब्रिटिश रॅप' म्हणा आणि मोकळे व्हा.

एखादा खडूस वाचक म्हणेल, की हे आलं यूके गराज, जंगल आणि डान्सहॉल या नाचाच्या संगीतप्रकारांच्या पोटातून. मिनिटाला साधारण 140 ठोके, एमसी, म्हणजे माइकवर शब्द टाकणारा, आठ किंवा सोळा बारांचा (आवर्तनांचा म्हणा) तुकडा टाकून माइक पुढच्याकडे देतो, आणि एखादी ओळ डोक्यावर बसली की डीजे रेकॉर्ड उलटी फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावतो. त्याला सांगा, तपशिलात जायला जागा नाही. त्या उलटं फिरवण्याला रीलोड म्हणतात. म्हणजे आपला वन्समोअर, दुसरं काही नाही. फक्त शब्द जपून वापरा: नाट्यगृहात वन्समोअर मिळाला तर ती रसिकता, बोच्या तळघरात मिळाला तर तो जमावाचा उन्माद.

दर चार-पाच वर्षांनी ग्राइमचं बारसं तरी करा, नाहीतर तेरावं तरी घाला. 2003 मध्ये डिझी रास्कल या अठरा वर्षांच्या एमसीला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, तेव्हा बारसं झालं. पुढे काही वर्षांत तेरावंही उरकलं. 2015 च्या ब्रिट अवॉर्ड्समध्ये अमेरिकेच्या रॅपर कान्ये वेस्टने इथल्याच एमसींना मागे उभं करून गाणं म्हटलं, तेव्हा तुम्हाला ते जिवंत असल्याचा साक्षात्कार झाला. इथली पोरं चांगली आहेत हे शिकागोच्या पाहुण्याने येऊन सांगितलं, तेव्हा पटलं. 2016 मध्ये ग्राइमच्याच स्केप्टाने डेव्हिड बोवीचा अल्बम शर्यतीत असताना मर्क्युरी नेला, 2017 मध्ये स्टॉर्मझी या दुसऱ्या एमसीचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. आता पुन्हा तेरावं चालू आहे, 'ग्राइम गेलं, ड्रिल (रॅपचा आणखी एक प्रकार) आलं'. एका घरात इतक्या वेळा सुतक पाळणारी मंडळी मी दुसरी पाहिली नाहीत.

मुलाखतीत संगीताचा विषय काढू नका. ओबामा निवडून आले तेव्हा, 2008 मध्ये, बीबीसीच्या न्यूजनाइटवर जेरेमी पॅक्समन यांनी डिझीला 'मिस्टर रास्कल' अशी हाक मारून विचारलं, की तुम्ही स्वतःला ब्रिटिश मानता का. श्रीयुत लबाड, आपण इथलेच ना? बोमध्ये वाढलेल्या पोराला! हा दर्जा गाठायला पाहा.

आणि कुणी मन मोकळं केलंच, तर न विचारता मुखपृष्ठावर टाका. एनएमई या संगीत साप्ताहिकाने 2017 मध्ये स्टॉर्मझीच्या नैराश्याचं तेच केलं. मग माफी मागितली, तो भाग वेगळा.

चाहत्यांची प्रतिक्रिया हवी? दोघांना एका खोलीत सोडा आणि 'स्टॉर्मझी ग्राइम आहे का?' एवढंच विचारून दार लावून घ्या. सवाईच्या मांडवात शाल पांघरून 'पूर्वीचं सवाई राहिलं नाही हो' म्हणणारे काका आठवतात ना? तेच इथे ट्रॅकसूट घालून बसलेले असतात. एक म्हणतो 2005 नंतर जे झालं ते ग्राइमच नाही, दुसरा म्हणतो 2014 च्या आधी रेकॉर्डिंग ऐकवत नाही, तिसरा फोनवर ठोके मोजून 138 भरले म्हणून गाणं जातीबाहेर काढतो. ह्याला म्हणायचं तरी काय, हा वाद इतका जुना आहे, की ग्राइमच्या पहिल्या फळीतल्या वायलीने 2004 मध्ये त्यावर एक गाणंच करून टाकलं. मीही धुतल्या तांदळाचा नाही. एका पंचविशीतल्या पोराशी चिकनच्या दुकानातल्या रांगेत मी एवढा भांडलोय, की दोघांच्याही ऑर्डरी दुसरेच घेऊन गेले. पण आम्ही ऐकून भांडतो. तुम्ही न ऐकता छापता.

आता मुख्य मसाला. चाकू. त्याशिवाय लेख परत येतो म्हणे.

डिझीवर जुलै 2003 मध्ये सायप्रसच्या आयिया नापात चाकूहल्ला झाला आणि दोनच आठवड्यांत त्याचा पहिला अल्बम आला. त्याच्या आधी लँगडन पार्क शाळेच्या संगीताच्या वर्गात, शिक्षकाने मोकळीक दिली म्हणून, हाच पोरगा कॉम्प्युटरवर बीट बांधत बसायचा. लेखाची सुरुवात वर्गातून करायची की हल्ल्यातून? बरोबर. वार मोजायला माणूस मिळतो. बीट मोजायला मिळत नाही.

मग पोलीस. स्लिमझी नावाच्या डीजेला 2005 मध्ये कोर्टाने टॉवर हॅम्लेट्स या बोच्याच विभागातल्या उंच इमारतींच्या गच्चीवर चढायलाच बंदी केली, कारण रेडिओची काठी तिथे उभी करायची असते. हे तरी विनोदी आहे. फॉर्म 696 विनोदी नाही. मेट्रोपॉलिटन पोलिसांनी तोही 2005 मध्येच काढला. कार्यक्रमाच्या चौदा दिवस आधी भरून द्यायचा: गाणाऱ्याचं खरं नाव, टोपणनाव, पत्ता, फोन. संगीत कुठलं? उदाहरणार्थ बॅशमेंट, आर अँड बी, गराज. उदाहरणाला एकही गिटारवाला सुचला नाही बघा. आणि सुरुवातीच्या फॉर्मात हेही, की येणारे प्रेक्षक कुठल्या विशिष्ट वंशाचे आहेत का, असल्यास कुठल्या. वंशाचा प्रश्न काही वर्षांनी निघाला. फॉर्म रद्द व्हायला नोव्हेंबर 2017 उजाडला. बारा वर्षं! क्लबवाले 'कशाला ती कटकट' म्हणून कार्यक्रमच घ्यायचे नाहीत, पोरांना स्वतःच्या शहरात उभं राहायला स्टेज नव्हतं, आणि तुम्ही त्याच काळात लिहीत होतात, की ग्राइमला प्रेक्षक उरला नाही. दाराला बाहेरून कुलूप, आणि आत कुणी दिसत नाही म्हणून मथळा!

राडे झालेच नाहीत असं मी म्हणत नाही. झाले. वायली 2020 मध्ये ज्यूंबद्दल जे बरळला ते छापायलाच हवं होतं. छापलंत, चांगलं केलंत, 'गॉडफादर, गॉडफादर' म्हणणाऱ्या आम्हा लोकांची जिरलीही. पण रविवारी दुपारी तासभर विनाअपघात चाललेला सेट ही तुमच्यासाठी कधीच बातमी नसते. स्केप्टाने 80 पौंडांत व्हिडिओ केला आणि त्याला कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठीचा 2014 चा मोबो पुरस्कार मिळाला, ही अर्थकारणाच्या पानाचीसुद्धा बातमी होती की.

बरं, आता माझा फोन.

त्या पत्रकाराला मी सांगितलं, की 2006 च्या उन्हाळ्यात माझे बाबा कऱ्हाडहून इथे आले होते. मी डीव्हीडी लावून बसलो होतो, जॅमर नावाच्या एमसीच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात चित्रित झालेला क्लॅश. दोन एमसी समोरासमोर, नाकाला नाक, बाकीचे भिंतीला चिकटून. बाबा चहाचा कप घेऊन सोफ्याच्या हातावर टेकले. बाबांना इंग्रजी बेताचं आणि हे इंग्रजी तर माझ्याही डोक्यावरून जायचं. पाच मिनिटांनी म्हणाले, "हा तर कलगी-तुरा रे." मग आणखी थोड्या वेळाने, "तो टोपीवाला पाठ केलेलं म्हणतोय. सवाल एक आणि जवाब भलताच." आमच्या पेठेतल्या जत्रेला शाहिरांच्या पुढ्यात रात्र रात्र बसलेला माणूस तो. त्याला भाषा लागली नाही. कोण हरतंय ते कळलं.

चाळीस मिनिटांतली वीस मी हेच सांगत होतो. पत्रकार 'वा, वा' करत होता. मग अंक आला. मथळ्यात चाकू, फोटोत हूडी, ड्रिलच्या एका खटल्याला ग्राइमचं नाव, माझ्या आडनावातली दोन अक्षरं गायब, आणि एक वाक्य: पूर्व लंडनमधल्या एका भारतीय कुटुंबातले वडील मुलाच्या टीव्हीवरची ती आक्रमक दृश्यं काळजीने पाहत राहिले.

काळजीने?

अरे, लाज वाटते का काही? माझा बाप आता हयात नाही, नाहीतर त्यालाच फोन जोडून दिला असता. तुला कुणी सांगितलं तो काळजीत होता? मी सांगितलं नाही. त्याच्या तोंडात तू घातलंस, कारण तुझा लेख आधीच लिहून झाला होता आणि त्यात एक घाबरलेला म्हातारा कमी पडत होता. कऱ्हाडचा एक निवृत्त मास्तर पाच मिनिटं कान देऊन बसतो आणि त्याला जे कळतं, ते तुम्हाला वीस वर्षांत कळत नाही, कारण तुम्ही बसतच नाही. ऐकत नाही. ऐकायला पाठवलं तर बघून येता, आणि बघायचं काय तेही ऑफिसातून ठरवून निघता.

आणि दुरुस्ती छापणार असाल, तर माझ्या आडनावाची राहू द्या. त्या रात्री टोपीवाल्याला समोरच्याने चार ओळींत लोळवला, तेव्हा बाबांनी कप खाली ठेवला, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "वन्समोअर!" मी रिमोट उचलून मागे नेलं. ते छापा.