रोपाची पिशवी तरी फाडा!

आज पुन्हा तेच! आपल्या सेवा मंडळाची बैठक सहाची, पाहुणे आले सव्वासातला. मग दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, सत्काराला उत्तर, आभार. दीड तासात कामाचा विषय किती वेळ? पाच मिनिटं! अहो, आपण सेवा करायला जमतो की शाल-श्रीफळ वाटायला?

जुलैमध्ये इंदूरच्या कान्ह नदीकाठी पन्नास रोपं लावली. एका कडुनिंबाला अकरा जणांचे हात, फोटोसाठी! परवा मी जाऊन पाहिलं. रोप वाळून काडी झालेलं. उपटलं तर मुळांना नर्सरीची काळी पिशवी तशीच. खड्ड्यात ठेवताना ती फाडायचीही कुणाला फुरसत नव्हती? पाणी कोण घालणार, हे एकाही बैठकीत ठरलं नाही. फलकाच्या रंगावर मात्र दोन बैठका गेल्या!

रोटरीवाल्यांनी १९८५ पासून पोलिओचा पिच्छा पुरवला, २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. इतकी वर्षं माणसं दारोदार फिरली. आणि आम्हाला इंदूरमध्ये एक बादली पाणी नेववत नाही?

काका म्हणाले, "जाऊ दे रे, चालायचंच." का चालायचं? नऊ रोपं अजून हिरवी आहेत. उद्या सकाळी सातला मी बादली घेऊन तिथे आहे. कोण येतंय?