स्पॉन्सर नेमका कुणाला सावरतो? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

दारू सुटलेल्या माणसाच्या आयुष्यातील स्पॉन्सरच्या स्थानाबद्दल मी लिहिलेल्या लेखावर आपण परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. (स्पॉन्सर म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, मीटिंगमधून एकमेकांना दारूपासून दूर राहायला मदत करणाऱ्या मद्यपींच्या संघटनेत नव्या माणसाला आधार देणारा, आधी दारू सोडलेला सदस्य.) आपण व्यसनमुक्ती समुपदेशनाचे रीतसर शिक्षण घेतलेले असल्याने आपल्या आक्षेपांची दोन ओळींत बोळवण करणे योग्य होणार नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे, की स्पॉन्सर हा कसलेही प्रशिक्षण नसलेला, स्वतःच एके काळी पिणारा माणूस असतो. त्याच्या हाती रुग्ण सोपवणे म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवणे. आणि या पद्धतीत बाटलीवरचे अवलंबन सुटून माणसावर जडते, एवढाच काय तो फरक पडतो.

प्रशिक्षण नसते, हे खरेच आहे. दारू एकाएकी बंद केल्यावर सुटणारा कंप, होणारे भास, येणारी फिट हे प्रसंग जिवावर बेतू शकतात आणि तिथे डॉक्टरच हवा. ‘गोळ्या कशाला घेतोस, मीटिंगला ये म्हणजे झाले,’ असे सांगणारा स्पॉन्सर धोकादायक असतो आणि असे महाभाग आपल्या पुण्यातही भेटतात. परंतु ही पद्धत रुग्णालयाशी वैर धरून वाढलेली नाही. अमेरिकेत ओहायोमधील ॲक्रन येथे सेंट थॉमस रुग्णालयात १९३९ पासून नन असलेल्या सिस्टर इग्नेशिया आणि शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ मद्यपींना दाखल करून घेऊ लागले, तेव्हा रुग्णामागे स्पॉन्सर असावा असा त्यांचा आग्रह असे. आपल्याकडे येरवड्याच्या मुक्तांगणात, म्हणजे १९८६ पासून चाललेल्या व्यसनमुक्ती केंद्रात, डॉक्टरांच्या बरोबरीने व्यसनातून बाहेर पडलेली माणसेही समुपदेशनाचे काम करत आली आहेत.

आता आपल्या मुख्य आक्षेपाकडे येतो. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ असे म्हणून मी मोकळा होईन, अशी आपली अपेक्षा असेल. पण स्पॉन्सरला दुसऱ्याचे दुःख अधिक कळते, हा माझा दावाच नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे एक संस्थापक बिल विल्सन यांनी १९३४च्या अखेरीस दारू सोडली आणि पुढचे काही महिने ते न्यूयॉर्कमध्ये दिसेल त्या दारुड्याला सुधारण्याच्या खटपटीत होते. त्यांतला एकही सुधारला नाही. त्या काळात प्यायला नाही असा एकच माणूस होता, तो म्हणजे स्वतः बिल. मे १९३५ मध्ये व्यवसायातली एक लढाई हरून ते ॲक्रनच्या हॉटेलात एकटे उभे होते आणि बारमधले आवाज कानावर येत होते, तेव्हा त्यांनी स्थानिक धर्मगुरूंना फोन लावून ‘मला एखादा दारुडा भेटवा’ अशी विनंती केली. त्यातून ज्यांची गाठ पडली ते डॉ. बॉब. त्या भेटीत उपचाराची गरज आधी कुणाला होती, हे उघड आहे.

बाल्टिमोर शहरात सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष आपल्या बाजूचा वाटेल: नुसता स्पॉन्सर असण्याचा आणि व्यसनापासून दूर राहण्याचा ठळक संबंध त्यात आढळला नाही. मात्र जे स्वतः कुणाचे तरी स्पॉन्सर होते, त्यांच्या बाबतीत तो संबंध ठळक होता. म्हणून स्पॉन्सरला अर्धवट डॉक्टर समजून त्याची पदवी विचारणे मला गैरलागू वाटते. तो उपचार देत नसून घेत असतो आणि नवा माणूसही पुढे कुणाचा तरी स्पॉन्सर होणार असतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते सांगतो. मागे एका पगाराच्या संध्याकाळी हडपसरच्या बसथांब्यावरून, मी ज्याचा स्पॉन्सर आहे अशा एका मुलाचा फोन आला. खिशात पैसे होते आणि रस्त्यापलीकडे दारूचे दुकान होते. ‘पिऊ नकोस’ असे मी त्याला एकदाही म्हटले नाही. दुपारी जेवलास का, पैसे कुठल्या खिशात आहेत, बस कुठली धरणार, असले प्रश्न विचारत राहिलो. पीएमपीची बस नेहमीप्रमाणे लवकर आली नाही, त्यामुळे बोलणे लांबले. तो बसमध्ये चढला आणि फोन ठेवताना माझ्या ध्यानात आले, की सकाळपासून माझ्या डोक्यात जो एक जुना राग खदखदत होता, ज्याचा शेवट पूर्वी दारूत ठरलेला असे, तो केव्हाच ओसरला होता.

अवलंबनाचा आपला इशारा मात्र मी गांभीर्याने घेतो. सुरुवातीला नवा माणूस टेकू घेतोच. स्पॉन्सर जेव्हा त्याची नोकरी, लग्न, औषधे यांबाबत हुकूम सोडू लागतो, उसने पैसे देतो-घेतो, ‘माझ्यामुळे सुधारला’ असे चारचौघांत सांगतो, तेव्हा तो टेकू राहत नाही, जाच होतो. यावर देखरेख करणारी यंत्रणा नाही, ही या पद्धतीची खरी उणीव आहे. तिच्यावर आपण बोट ठेवले असते, तर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आपल्याकडे येणाऱ्या एखाद्या रुग्णाला स्पॉन्सर घ्यायचा असेल, तर त्याला समोरच्या माणसाकडे एवढीच चौकशी करायला सांगावे, की त्याला स्वतःला स्पॉन्सर आहे का आणि त्याच्याशी तो शेवटचा केव्हा बोलला. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर खुशाल दुसरा माणूस पाहावा; स्पॉन्सर बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.